खोलीतला चौथा माणूस

एप्रिल लागला की आमच्या सोसायटीच्या कुंपणालगतचा कडुलिंब फुलतो. फुलं इतकी बारीक की तो फुललाय हे डोळ्यांच्या आधी नाकाला कळतं. सकाळी बाल्कनीत उभं राहिलं की कडवट-गोड वास येतो, आणि दुपारपर्यंत त्या वासाची जागा पुण्याच्या कोरड्या उन्हाने घेतलेली असते. अशा दुपारी मी कधीकधी उगाचच पंखा बंद करते. नवरा विचारतो, "वीज गेली का?" मी म्हणते, "नाही, बंद केलाय." तो पुढे विचारत नाही. पंख्याची पाती आधी हळू होतात, मग त्यांची करकर थांबते आणि मग खोलीत एक जाडसर शांतता येऊन बसते. कानामागून घामाचा थेंब निघालेला कळतो. माझ्या चोविसाव्या वर्षीचा एक अख्खा उन्हाळा मी त्या शांततेत काढलाय.

तेव्हा आमचा एक बँड होता. बँड म्हटलं की लोकांना वरात आठवायची. माझ्या वडिलांनाही तीच आठवली. "मेधा, लग्नाच्या सुपाऱ्या घेता का तुम्ही?" त्यांनी विचारलं, चेहऱ्यावरची रेषही न हलवता. आम्ही तिघं होतो. निखिल गिटार वाजवायचा आणि संगणकावर रेकॉर्डिंगही तोच करायचा. सुजाता गायची. मी कीबोर्ड वाजवायचे आणि बरीचशी गाणी लिहायचे. ड्रम वाजवणारा एक मित्र होता, पण तो नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि तेव्हापासून तालाचं काम संगणकाने अंगावर घेतलं होतं.

सुजाता गायकवाड मला भेटली ती कंपनीच्या बसमध्ये. आम्ही दोघी खराडीला एकाच इमारतीत, वेगवेगळ्या मजल्यांवर सॉफ्टवेअर तपासायचं काम करायचो. सकाळी सव्वासातला बस कर्वे रस्त्यावरून निघायची आणि सगळं शहर आडवं कापत जायची. बसमध्ये बहुतेक जण झोपलेले असायचे. सुजाता खिडकीशी बसून गुणगुणायची, स्वतःला ऐकू येईल इतकंच. खराडीच्या अलीकडे तेव्हा ज्वारीची रानं होती. एका बाजूला ताटं वाऱ्यावर हलायची आणि दुसऱ्या बाजूला निळ्या काचांची इमारत एकेक मजला चढत असायची. एके दिवशी मी तिला वहीतल्या दोन ओळी दाखवल्या: "काचेबाहेर ऊन थांबलं, आत कुणाला कळलं नाही." तिने त्या वाचल्या, खिडकीबाहेर बघितलं आणि खराडी यायच्या आत त्यांना चाल लावली. ते आमचं पहिलं गाणं. त्याचं नाव आम्ही 'काच' ठेवलं.

वर्षभरात सहा गाणी झाली. सहाही गाणी रेकॉर्ड करून त्यांची सीडी काढायची असं ठरलं तेव्हा मार्च संपत आला होता, आणि त्याच आठवड्यात निखिलच्या कंपनीने त्याला सांगितलं की जूनमध्ये अमेरिकेला जायचंय, किमान दोन वर्षांसाठी. त्या काळात अशी बातमी आली की घरात पेढे आणायचे. निखिलच्या घरीही आणले. आम्ही ते खाल्ले, त्याचं अभिनंदन केलं आणि मनातल्या मनात दिवस मोजले. एप्रिल आणि मे. त्यानंतर बँड उरणार नव्हता, हे कुणी बोललं नाही.

रेकॉर्डिंगची जागा म्हणजे कर्वेनगरला निखिलच्या आईवडिलांच्या फ्लॅटमधली मागची खोली. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून खिडकीला दोन गाद्या टेकवल्या होत्या आणि भिंतीवर अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवले होते. त्यांचं घर शाकाहारी. निखिलची आई, आमची काकू, ते ट्रे गच्चीवरून वाळवण आणावं तसे चादरीत गुंडाळून घरात आणायची. "शेजारचे विचारतील, एवढी अंडी खातं कोण!" म्हणायची. माइक चालू करायच्या आधी पंखा बंद करायचा, कारण त्याची घरघर गाण्यात उतरायची. चार मिनिटांचं गाणं, चार मिनिटं बंद पंखा. सुजाता डोळे मिटून गायची आणि तिच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब जमायचे. गाणं संपलं की तिघंही एकदम पंख्याच्या बटणाकडे धावायचो. गुरुवारी वीज जायची, त्या दिवशी रजा. उरलेल्या दिवशी कोकिळ. खिडकीबाहेरच्या आंब्यावर तो नेमका दुसऱ्या कडव्याला सुरू व्हायचा.

मे उजाडायच्या आत सहाही गाणी पुरी झाली असतील असं वाटेल. तसं झालं नाही. एप्रिलचा पहिला आठवडा संपला तरी आम्ही 'काच'मध्येच अडकलेलो होतो. सहाही गाणी सुजाताने गाऊन ठेवली होती, पण 'काच'मध्येच कुणाचा आवाज किती ठेवायचा हे ठरत नव्हतं. आम्ही तिघं संगणकासमोर बसायचो. मी म्हणायचे, "कीबोर्ड जरा दबतोय." निखिल कीबोर्ड वाढवायचा. मग त्याला गिटार ऐकू यायची नाही, म्हणून गिटार वाढायची. मग सुजाता म्हणायची, "मी आहे का यात?" की तिचा आवाज वाढायचा. अर्ध्या तासात सगळं इतकं वर जायचं की पडद्यावर लाल दिवा लागायचा. मग सगळं खाली आणायचं आणि परत पहिल्यापासून. निखिलने एकट्या 'काच'मध्ये अकरा गिटारी भरल्या होत्या, एकावर एक. प्रत्येक गिटार चांगली होती. तेच अवघड होतं.

एका संध्याकाळी सुजाता म्हणाली, "आपल्याला बाहेरचं कुणीतरी हवंय."

निखिलने मान वर केली नाही. "कशाला?"

"ऐकायला."

"ऐकायला आपण तिघं आहोत की."

"आपण तिघं आपापलं ऐकतो."

तो खुर्ची फिरवून आमच्याकडे वळला. "हे बघ, सिनेमावाले, कॅसेट कंपन्या यांच्याकडे असतो असा माणूस. तो सांगतो, हे विकलं जाईल, हे जाणार नाही. आपण स्वतंत्र बँड ना? मग बाहेरचा येऊन सांगणार असेल तर आपण कसले स्वतंत्र? घरी संगणक आहे, सगळं हातात आहे. पहिल्यांदाच असं झालंय की कुणाची परवानगी लागत नाही. आणि तुम्ही परवानगी घ्यायला माणूस शोधताय."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आमच्या आधी पाच-दहा वर्षं ज्यांना गाणी करायची होती त्यांना कुठल्यातरी स्टुडिओच्या बाकावर ताटकळत बसावं लागायचं. आम्ही एका झोपायच्या खोलीत अंड्यांचे ट्रे लावून ते सगळं करत होतो. त्याला त्याचा अभिमान होता आणि मलाही होता. पण त्याच वेळी हेही खरं होतं की 'काच' हे गाणं बसमध्ये सुजाताने गुणगुणलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, आणि आता संगणकातून वाजत होतं तेव्हा तो येत नव्हता.

वसंत साने माझ्या वडिलांना सकाळी टेकडीवर भेटायचे. वीसेक वर्षं त्यांनी टिळक रस्त्यामागच्या एका छोट्या स्टुडिओत रेकॉर्डिंग केलं होतं. आरत्या, बालगीतं, लावण्या, पाढे, सगळं. कॅसेटचा धंदा बसला तसा तो स्टुडिओही बसला आणि तिथे मोबाइलचं दुकान आलं. वडिलांनी त्यांच्याकडे विषय काढला तेव्हा ते म्हणाले म्हणे, "माझ्याकडे मोठमोठे भजनीबुवा चिडून गेलेत. तुमच्या मुलीची तयारी आहे ना?"

ते आले ते भर उन्हात, काळी छत्री उघडून. साठीपुढचे, बारीक अंगाचे, पांढरा बुशशर्ट. आम्हा तिघांनाही ते 'तुम्ही'च म्हणायचे, आणि त्या आदराचं थोडं दडपणच यायचं. खोलीभर नजर फिरवून ट्रेंकडे बघत म्हणाले, "कोंबड्यांना कळवलंय ना?" मग स्टूल ओढलं आणि स्पीकरकडे पाठ करून बसले. 'काच' तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा संपल्यावर म्हणाले, "हे गाणं कुणाचं?"

"बँडचं," निखिल म्हणाला.

"ते झालं. कुणाचं?"

"शब्द माझे आहेत," मी म्हणाले.

"चाल माझी," सुजाता म्हणाली.

"बांधणी माझी," निखिल म्हणाला.

"हं. तिघंही ऐकू येताय. गाणं तेवढं भेटलं नाही." ते उठले, छत्री घेतली. "उद्या यायचं असेल तर येतो. नको असेल तर फोनची तसदी घेऊ नका, मी समजून घेईन."

 दुसऱ्या दिवशी निखिलनेच त्यांना फोन केला. का केला, हे मी त्याला पुढे खूप वर्षांनी विचारलं. तो म्हणाला, "राग आला होता. त्यांना चूक ठरवायचं होतं."

सानेकाकांची पद्धत साधी होती. ते काढायला लावायचे. निखिलच्या अकरा गिटारींतली एकेक बंद करत गेले आणि शेवटी एकीवर थांबले. ती त्याने पहिल्या दिवशी नुसती चाल आठवण्यासाठी वाजवून ठेवली होती. "ही ठेवा." निखिल म्हणाला, "ती कच्ची आहे." "हो. बाकीच्या पिकून गळाल्यात." निखिल हसला नाही, पण त्याने ती ठेवली.

दुसऱ्या दिवशी माझी पाळी आली.

"मेधा, तुम्ही यात वाजवू नका."

मला वाटलं एखाद्या कडव्यापुरतं म्हणताहेत. "कुठल्या भागात?"

"अख्ख्या."

"पण सुरुवातीची धून..."

"सुरेख आहे. पण ती दुसऱ्या एका गाण्याची सुरुवात आहे. ते गाणं तुम्ही अजून लिहिलेलं नाही."

ती धून मी तीन आठवडे घासली होती. कीबोर्ड मी नोकरीतल्या पहिल्या पगारातून आणला होता. शब्द माझे, आणि माझ्याच गाण्यात मला जागा नव्हती. मी काहीतरी पुटपुटले आणि स्वयंपाकघरात गेले. तिथे काकू उकडलेल्या कैऱ्यांचा गर काढत बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, एक पातेलं माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, "हात धू आणि बस." मी गर काढायला लागले. बोटांना कैरीची आंबट ऊब लागत होती. पंखा बंद झालेला मला भिंतीपलीकडून कळला, आणि मग सुजाता गायला लागली. एक गिटार आणि ती, एवढंच. बंद दारातून शब्द नीट येत नव्हते, तरी 'ऊन थांबलं' पाशी ती जराशी रेंगाळली ते कळलं. बसमध्येही ती तिथेच रेंगाळली होती. काकूचा चमचा थांबला. गाणं संपल्यावर ती म्हणाली, "हे बरं वाटलं गं. आधी नुसता गलबला व्हायचा." मला त्या माणसाचा मनापासून राग आला, कारण त्याचं बरोबर होतं.

मी घरी जाऊन वडिलांना म्हणाले, "काका म्हणतात मी वाजवू नये." ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "मग ऐक."

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर मी आज छातीठोकपणे म्हणाले असते की प्रत्येक बँडला एक बाहेरचा माणूस हवाच. पण पुढच्याच आठवड्यात तो बाहेरचा माणूस चुकला, आणि ती चूक लहान नव्हती.

चौदा एप्रिलच्या जयंतीचा आठवडा होता. सुजाताचे बाबा सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि दरवर्षी वस्तीतल्या जयंतीच्या कार्यक्रमात गायचे. तिने आम्हा सगळ्यांना बोलावलं. संध्याकाळी मंडपात निळ्या पताका, पांढऱ्या साड्यांतल्या बायका, खांद्यावर बसलेली पोरं. गायकवाडकाका पांढऱ्या शर्टात उभे राहिले, एक हात कानाशी नेला आणि त्यांनी पहिलीच ओळ अशी टाकली की मागच्या रांगेतली माणसं उठून उभी राहिली. तो आवाज गळ्यातून येत नव्हता, पायाखालच्या जमिनीतून येत होता. सानेकाका खुर्चीच्या कडेवर पुढे सरकून बसले होते. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी गायकवाडकाकांचे दोन्ही हात हातात घेतले.

दुसऱ्या दिवशी ते खोलीत आले ते उत्साहाने. "सुजाता, आता तसं गा. काल ऐकलं ना, तसं. तो आवाज तुमच्या घरात आहे आणि तुम्ही इथे कुजबुजत बसता. हे गाणं त्या आवाजात गेलं पाहिजे."

सुजाता माइकपाशी उभी होती. तिने कानावरचे हेडफोन काढून स्टँडला अडकवले.

"काका, माझे बाबा तसं गातात, कारण त्यांच्यासमोर हजार माणसं असतात आणि त्या हजारांना सांगण्यासारखं त्यांच्याकडे काहीतरी असतं. त्यासाठी त्यांनी खूप सोसलंय. या गाण्यात बसमध्ये शेजारी बसलेली एक मुलगी आहे. तिच्या कानात मी ओरडू?"

"ओरडा असं मी म्हणत नाही. पण तुमचा खरा आवाज..."

"खरा कुठला ते तुम्ही ठरवलंत. कालपर्यंत तुम्ही माझं गाणं ऐकत होतात. आज तुम्ही माझं आडनाव ऐकताय."

कुणी पंखा लावला नाही. निखिल माउसकडे बघत राहिला. सानेकाकांचा चेहरा उतरला. त्यांनी छत्री उचलली आणि ते गेले. सुजाताही गेली. खोलीत मी आणि निखिल राहिलो. मला वाटलं होतं, तो म्हणेल, "बघ, मी सांगत होतो." तो म्हणाला, "मीही तेच म्हणणार होतो तिला. बाबांसारखं गा म्हणून. बरं झालं त्यांनी आधी म्हटलं." त्याचा तो प्रामाणिकपणा मला अजून आठवतो. आणि खरं सांगायचं तर मंडपात बसल्याबसल्या माझ्याही मनात तेच आलं होतं.

तीन दिवस काका आले नाहीत. सुजाता बसमध्ये माझ्याशेजारी बसायची, पण गुणगुणायची नाही. चौथ्या दिवशी, दुपारच्या रणरणत्या उन्हात, ते परत दारात उभे राहिले. आत आले, पण स्टुलावर बसले नाहीत.

"सुजाता, माझी चूक झाली. मी ऐकायला आलो होतो आणि आधीच ठरवून बसलो. आमच्या धंद्यात यापेक्षा मोठा गुन्हा नाही. शिवाय मी जे बोललो ते दुसऱ्या कुणाला बोललो नसतो, हे मला घरी जाऊन कळलं."

सुजाताने स्टूल त्यांच्यापुढे सरकवलं. मग म्हणाली, "बसा काका."

ते बसले. "एक मात्र अजूनही खटकतं. आता आवाजाबद्दल नाही बोलत. तुम्ही श्वास कुठे घेता?"

"म्हणजे?"

"अख्ख्या गाण्यात तुमचा श्वास एकदाही ऐकू येत नाही. माणूस चार मिनिटं श्वास न घेता गातो कसा?"

निखिल कसानुसा झाला. श्वास त्यानेच काढले होते. संगणकावर प्रत्येक ओळीआधीचा तो छोटासा आवाज पुसून टाकता यायचा आणि त्याने रात्रंदिवस बसून सगळ्या गाण्यांतले श्वास पुसले होते. तेव्हा आम्हाला ते फार स्वच्छ, परदेशी रेकॉर्डसारखं वाटलं होतं. "परत टाकतो," तो म्हणाला आणि लगेच थांबला. जुनी, न पुसलेली रेकॉर्डिंगं त्याने डिस्क भरली म्हणून उडवली होती.

म्हणजे सहाही गाणी सुजाताला पुन्हा गावी लागणार होती. मे तोंडावर आला होता. निखिलच्या व्हिसाची मुलाखत, कपडे, बॅगा, नातेवाइकांची जेवणं हे सगळं चालू होतं. "नको," निखिल म्हणाला, "वेळ नाही. आहे ते बरं आहे." सुजाता म्हणाली, "आहे ते गुदमरलंय." आणि तिने हेडफोन कानाला लावले.

ते तीन आठवडे आठवले की मला अजून तहान लागते. आम्ही ऑफिसातून येऊन आणि शनिवार-रविवार दिवसभर काम केलं. नळाला एकवेळच पाणी होतं, काकू माठ भरून ठेवायची. सुजाता गायची, आणि प्रत्येक ओळीआधी तो हलकासा श्वास यायचा, कुणीतरी आपल्याला काही सांगण्याआधी घेतं तसा. कोकिळ यायचाच. निखिल एकदा म्हणाला, "राहू दे की त्याला गाण्यात, छान वाटेल." सानेकाका म्हणाले, "सगळ्यांनाच छान वाटतं. त्याचं त्याला गाऊ द्या, आपण थांबू." आम्ही पंखा बंद करून, घाम पुसत, कोकिळाचं संपेपर्यंत थांबायचो. तसं थांबायला मी तिथे शिकले. त्या दिवसांत काकांनी एका गाण्यात मला परत बसवलं आणि माझ्याकडून दोनच सूर वाजवून घेतले. ते दोन सूर मी आयुष्यात वाजवलेले सगळ्यात चांगले सूर आहेत.

सीडीच्या वेष्टनावर त्यांचं नाव काय म्हणून लिहायचं यावर शेवटचा घोळ झाला. इंग्रजीत त्या कामाला 'प्रोड्यूसर' असा शब्द आहे. मराठीत 'निर्माता' म्हटलं की पैसे घालणारा माणूस समोर येतो. 'संगीत संयोजक' म्हणावं तर त्यांनी संयोजन केलं नव्हतं, उलट विसकटलं होतं. 'मार्गदर्शक' वर ते स्वतःच म्हणाले, "मी काय दहावीचे क्लास घेतो?" शेवटी निखिलनेच लिहिलं, 'ऐकणारे: वसंत साने'. काकांनी ते वाचलं, चष्मा काढून परत वाचलं आणि म्हणाले, "छापताना चूक करू नका."

मेच्या अखेरीला एका कॉलेजच्या छोट्या सभागृहात आम्ही ती गाणी गायलो. चाळीसेक माणसं होती, त्यातली निम्मी नातेवाईक. गायकवाडकाका पहिल्या रांगेत बसले होते. कार्यक्रम झाल्यावर ते मुलीला म्हणाले, "इतकं हळू गातेस, मागच्यांना ऐकू जातं का?" ती म्हणाली, "मागे कुणी नव्हतंच, बाबा." ते हसले. मग जरा वेळाने म्हणाले, "मला आलं ऐकू. सगळं." सुजाता तिथेच खुर्चीवर बसली आणि रडली.

जूनमध्ये निखिल गेला तो तिकडेच राहिला. अजून गाणी करतो, एकटाच, आपल्या घरात. मला पाठवतो. चांगली असतात. आपल्याला कुणाची गरज नाही हे त्याचं मत कायम आहे, आणि त्यावर आमचा फोनवर वर्षातून एकदा तरी वाद होतो. "तुमच्या काकांनी सुजाताच्या बाबतीत काय केलं ते आठवतं ना?" तो म्हणतो. आठवतं. बाहेरचा माणूस एकटा येत नाही, आपले कान आणि आपले समज दोन्ही घेऊन येतो. पण समज आतल्या माणसांनाही असतातच. आतल्यांचे समज कुणाच्या लक्षात येत नाहीत, कारण सगळ्यांचे सारखे असतात. त्या खोलीत सुजाता जे बोलली ते काकांच्या, निखिलच्या आणि माझ्या, तिघांच्याही मनातल्या गोष्टीला उत्तर होतं. काकांनी ती गोष्ट तोंडाने म्हटली आणि परत येऊन चूक कबूल केली. आम्ही दोघांनी ती मनातच ठेवली होती. निखिलला मी हे सांगते. तो म्हणतो, "हे बँडबद्दल झालं की माणसांबद्दल?" मला त्यातला फरक नीट सांगता येत नाही.

सानेकाका आता नाहीत. सुजाताचे बाबाही दोन वर्षांपूर्वी गेले.

या एप्रिलमध्ये सुजाताचा फोन आला. ती आता मोठ्या हुद्द्यावर आहे, मुलगा कॉलेजात आहे, आणि ती परत गाणी करतेय. स्वतःची, स्वतःच्या नावाने. "रविवारी खराडीला ये," ती म्हणाली. "एक गाणं ऐकायचंय. बाहेरची म्हणून ये."

"मी बाहेरची कुठे?"

"इतकी वर्षं कीबोर्डला हात लावला नाहीस. झालीस की."

ज्वारीचं एकही ताट आता तिथे नाही. स्टुडिओ एका काचेच्या इमारतीच्या सातव्या मजल्यावर, थंडगार, आवाज न करणाऱ्या एसीचा. गाणं तिच्या बाबांवर होतं. त्यांचं नाव कुठे नव्हतं. सकाळी कचेरीला जायच्या आधी शर्टाची कॉलर स्वतः इस्त्री करणारा एक माणूस होता, एवढंच. तीन कडवी मी श्वास रोखून ऐकली. चौथ्यात ती म्हणत होती की तो माणूस आता नाही आणि घर रिकामं आहे. ते मला तिसऱ्यातच कळलं होतं. चौथं कडवं म्हणजे तेच पुन्हा, मोठ्याने.

गाणं संपलं. तिने काचेपलीकडून माझ्याकडे पाहिलं आणि बाहेर आली.

मला ते सांगावंसं वाटत नव्हतं. बाबांवरचं गाणं, दोन वर्षंच झालेली. कोण सांगेल? पण तिने मला त्यासाठीच बोलावलं होतं.

"शेवटचं कडवं नको," मी म्हणाले.

तिने "का?" म्हणून विचारलं, मी कारण सांगितलं, तिने ते नीट ऐकलं. मग परत आत गेली, हेडफोन लावले आणि ते चौथं कडवं एकटंच पुन्हा गायली, अगदी सावकाश. बाहेर येऊन पाण्याची बाटली उघडली.

"तुझं बरोबर आहे," ती म्हणाली. "पण मी ते ठेवणारे."

"ठेव की."

"रागावलीस?"

"नाही गं."

"आधी ते नुसतंच तिथे उरलं होतं, मेधा," ती म्हणाली. "आता मी ते ठेवलंय."